अंबूबाईचं इंजिन गेलं म्हणे

बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं त्यानं. स्कूटरवरनं उतरलासुद्धा नव्हता. एक पाय जमिनीवर, एक पाय स्कूटरवर, गालात सुपारी, आणि दोन बोटं जीपच्या बॉनेटवर. वैद्य नाडी बघतो तशी. इंजिन खालून ठोकत होतं. ठक्, ठक्, ठक्. आत कुणीतरी अडकलंय आणि दार वाजवतंय असं. हंबीरराव मिस्त्रीनं सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि निकाल दिला.

"गेलं."

"काय गेलं?" अंबूबाईनं विचारलं.

"इंजिन, वहिनी. बेरिंग बसलं. उतरवायला लागतंय. आठ दिवस धरा."

"अवो, पण तुमीच दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुडचं सील बदललं. त्येच्या आधी आवाज नव्हता."

"सील बदलल्यानं इंजिन ठोकत नसतंय." हंबीरराव हसला. नाक्यावरची चार माणसंही त्याच्याबरोबर हसली. "दोन हजार तीनची गाडी. कवा ना कवा जाणारच की. आता हलवू नका. उद्या माणूस पाठवतो, ओढून नेतो गॅरेजला."

स्कूटर वळली, उचगावला गॅरेजकडं गेली. सगळं मिळून दोन मिनिटं. आणि त्या दोन मिनिटांनी अंबूबाईच्या डोक्यात जो जाळ पेटला तो तिसऱ्या दिवशीही विझलेला नव्हता. हंबीररावचा माणूस दोनदा गाडी ओढायला आला, आणि दोन्ही वेळा तिनं त्याला दोर हातात घेऊनच परत पाठवला.

अंबूबाई गारगोटी रोडच्या नाक्यावरून बिद्रीपर्यंत वडाप चालवते. नाक्यावर जीप लावायची, "बिद्री, बिद्री" म्हणून ओरडायचं, माणसं भरली की सुटायचं. वय एकोणपन्नास. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलणं इकडच्या बायकांचं, "मी आलो, मी गेलो" असं. नवरा केरबा आधी हीच जीप चालवायचा. साखरेनं त्याची नजर गेली आणि एक दिवस त्यानं इस्पुर्लीजवळ उभ्या ट्रॉलीला गाडी घासली. दुसऱ्या दिवशी अंबूबाई शेजारच्या सीटवरून स्टिअरिंगवर आली. नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी माणसं बाई बघून मागच्या गाडीत जाऊन बसायची. आता म्हाताऱ्या बायका तिच्यासाठी एक गाडी सोडून देतात. ही तिची कमाई.

पण गाडी एकटी काही करत नाही, नंबर लागतो. नाक्यावर अकरा गाड्यांची लाइन आहे. पिंपळाला टांगलेल्या फळ्यावर आकारामतात्या रोज खडूनं गाड्यांचे नंबर लिहितो. त्या लाइनीचा एकच कायदा: सलग तीन दिवस नंबर चुकला की गाडी बाद. बाहेर थांबलेला आत येतो. बाहेर कोण थांबलाय तेही सगळ्यांना ठाऊक होतं. विजयसिंह, नवीकोरी पांढरी व्हॅन घेऊन. काल, परवा असे अंबूबाईचे दोन नंबर चुकले होते. आजचा तिसरा, चार वाजताचा. आणि इंजिन उतरवायला लागणार होते आठ दिवस.

म्हणजे गाडीचं नव्हे, नऊ वर्षांचं मरण होतं ते.

सकाळी घरी केरबा म्हणाला, "इकून टाकूया. भंगारवाला तरी घेईल."

अंबूबाई भाकरी थापत होती. भाकरीला बसायला हवे होते त्यापेक्षा दुप्पट जोराचे तडाखे बसत होते.

"तुमी बॉनेट उघडून बघितलं?"

"मला काय दिसतंय आता?"

"मग हंबीररावनं बघितलं?"

"हंबीर खोटं कशाला बोलंल? तीस वर्षांचा दोस्त हाय माझा."

"खोटं बोलतोय म्हणून म्हणालोच न्हाय मी! बघितलं का, एवढंच इचारालोय!"

आणि मग तिचा हात परातीतच थांबला. तीन वर्षांपूर्वी याच हंबीररावच्या गॅरेजात ती बसली होती. दुधाच्या एका टेम्पोचं इंजिन असंच ठोकत होतं. तेव्हा हंबीररावनं एकेक नोझलचा नट ढिला करून, कान लावून, पाऊण तास तो आवाज शोधला होता. वर तिलाच समजावून सांगितलं होतं, अगदी मास्तरासारखं: वहिनी, ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर ठोका दबतो, त्याचं बेरिंग गेलं म्हणायचं.

टेम्पोला पाऊण तास. आणि तिच्या गाडीला दोन बोटं.

तव्यावरची भाकरी करपली. ती तशीच ठेवून अंबूबाई नाक्यावर आली तेव्हा साडेअकरा वाजले होते.

जीप पिंपळाखाली उभी होती. अंबूबाईनं किल्ली फिरवली, ठक् ठक् सुरू झालं, आणि माणसं जमली. कोल्हापुरात इंजिनावर मत नसलेला माणूस सापडणं अवघड आहे. प्रत्येकाचा कुणी ना कुणी उद्यमनगरच्या कारखान्यात कामाला असतो.

"मेन बेरिंग हाय," एक ड्रायव्हर म्हणाला. "माझा मेव्हणा फाउंड्रीत हाय, मला आवाज कळतोय."

"मेव्हणा फाउंड्रीत हाय. तू कुठं हायस?"

"पिस्टन फुटलाय," दुसरा.

"फुटला असता तर चालू झाली असती व्हय रं?"

विजयसिंह व्हॅनच्या काचेतून बाहेर झुकला. "मावशी, वाईट वाटून घिऊ नकोस. आता वय बी झालं की." मग घाईनं, "गाडीचं म्हणतोय मी. गाडीचं."

"तुझी गाडी नवी हाय न्हवं? मग तिच्यात बसून ऱ्हा. उतरू नकोस."

अंबूबाईनं पदर कमरेला खोचला, सीटखालून सतरा नंबरचा पाना काढला आणि बॉनेट उघडलं. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ते उघडत होतं.

"अंबू, मिस्त्रीनं सांगितलंय न्हवं?" आकारामतात्या खडू झटकत आला. "उगं हात घालू नकोस. चालू इंजिन हाय."

"मिस्त्रीनं बघितलं न्हाय, तात्या. मी बघतो."

पहिल्या नोझलचा नट तिनं अर्धा फेरा ढिला केला. डिझेल फुसफुसलं, तिनं त्यावर फडकं दाबलं. इंजिन एक पाय मोडल्यासारखं लंगडायला लागलं. ती कान देऊन ऐकत राहिली. ठोका तसाच. नट आवळला. दुसरा ढिला केला. इंजिन लंगडलं, ठोका तसाच. तिसरा. तसाच. चौथ्याला तिनं मुद्दाम जास्त वेळ घेतला, कारण आता तिच्या छातीतही ठक् ठक् होत होतं. इंजिन लंगडलं, थरथरलं.

ठोका तसाच.

"बेरिंग न्हाय!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की चहाच्या गाड्यावरचा पोऱ्या दचकला. "ऐकला काय, तात्या? चारीच्या चारी तोडून बघितली. बेरिंग गेलं असतं तर कुठंतरी दबाय पायजे होता. दबला?"

"न्हाय दबला," तात्यानं कबूल केलं. "पन मिस्त्री म्हणाला..."

"मिस्त्री म्हणाला, मिस्त्री म्हणाला! मिस्त्री काय खंडोबाचा भगत हाय, अंगात आलं आन सांगून मोकळा?"

तात्याला क्लच दाबून धरायला लावला. आवाजात फरक नाही, म्हणजे मागच्या बाजूचं काही नाही. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मूठ कानाला, टोक इंजिनाला. मागं टेकवलं, आवाज लांबून आल्यासारखा. मधे टेकवलं, थोडा जवळ. पुढं, फॅनच्या खालच्या अंगाला टेकवलं, आणि कानात कुदळ घातल्यासारखा ठोका बसला. तिनं झटकन मान मागं घेतली.

इंजिन बंद केलं. पोतं टाकलं आणि भर नाक्यावर, लाइनीतल्या ड्रायव्हरांसमोर, साडी सावरत जीपखाली घुसली.

क्रँकची पुली. फॅनचा पट्टा जिच्यावरून फिरतो ते मोठं चाक. अंबूबाईनं ती दोन्ही हातांनी धरली आणि हलवली.

ती हलली. पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी हलली.

मधला मोठा बोल्ट तिनं चिमटीत धरला. जो बोल्ट सोडवायला पान्यात घालायचा हातभर लांबीचा दांडा, टॉमी, आणि एका माणसाचं वजन लागतं, तो तिच्या दोन बोटांत फिरला. बाटलीच्या बुचासारखा.

पोत्यावर उताणी पडल्या पडल्या अंबूबाईला दसऱ्याचा आदला दिवस दिसला. खंडेनवमी. पुढच्या सीलमधून ऑइल गळत होतं म्हणून सकाळी गाडी दिलेली. ते सील बदलायचं तर हीच पुली काढावी लागते. संध्याकाळी ती न्यायला गेली तेव्हा गॅरेज झाडून लख्ख, पाटावर पाने, हातोडे, टॉमी ओळीनं मांडलेले, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ फुटलेला. हंबीरराव धुतलेला शर्ट घालून खोबरं वाटत होता. हत्यारं पुजून झाली होती. पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीच्या शिलंगणापर्यंत कुणी हात लावत नाही, कोल्हापुरात कुणीच नाही, ना तलवारीला, ना पान्याला. तिनं विचारलं होतं, "झालं काम?" त्यानं तिच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता, त्यावर किल्ली. "झालं."

नव्हतं झालं. बोल्ट हातानंच लावलेला होता. आवळायचा पाना पाटावर होता.

ती पोत्यावरूनच फोनवर बोलली. "मिस्त्री, पुली हलतीया."

पलीकडं चाललेली हातोडी थांबली.

"मिस्त्री?"

"हात लावू नका. मी आलो."

एरवी हंबीररावला बोलवायचं म्हणजे तीन फोन आणि चार शपथा लागतात. आज तो वीस मिनिटांत आला. स्कूटरच्या डिकीतून मोठा पाना काढला, टॉमी काढला आणि खिशातून कागदात गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा, बोटाच्या पेराएवढा. क्रँक आणि पुली एकमेकांत घट्ट बसाव्यात म्हणून मधे ठोकायची चावी. नवीकोरी. बरोबर मापाची. सुपारी आज गालात नव्हती. कुणाशी न बोलता तो जीपखाली गेला. बाहेर राहिले फक्त त्याचे पाय, टाचा झिजलेल्या चपलांतले.

अंबूबाई चाकापाशी उकिडवी बसली आणि त्या पायांशी बोलायला लागली. खालच्या आवाजात. ओरडण्यापेक्षा ते भयंकर होतं.

"चावी घिऊनच आला."

खाली पाना लोखंडाला घासत राहिला.

"मी फोनवर पुली म्हणालो. चावी मोडली का घासली, त्ये मला बी ठावं न्हाय. तुमाला कसं ठावं?"

"ढिल्या पुलीवर चावी घासतीयाच. अंदाज असतोय."

"अंदाज कवा आला? आज का परवा?"

खालून पान्याचा आवाज थांबला.

"मिस्त्री, मी इचारालोय. परवा बॉनेटवर बोटं ठेवली तवाच कळालं व्हतं?"

मग गाडीखालून आवाज आला, जरा घुमल्यासारखा. "आवाज ऐकल्याबरुबर आठवलं. हत्यारं पुजलेली, वहिनी. माझ्या बाच्या हातचा पाना हाय त्यो. खंडेनवमीला पुजलेला उचलायचा कसा? म्हणलं, शिलंगण झालं की दुसऱ्या दिवशी बोलवून आवळतो. मग सोनं वाटण्यात, पावण्यारावळ्यात..." तो थांबला. "ऱ्हायलंच."

"आन माझ्या गाडीत रोज बारा माणसं बसतात ती?"

"तुमी बी घाई केली त्या दिवशी. दारात उभं ऱ्हाऊन, आत्ताच्या आत्ता गाडी पायजे म्हणून."

"केली! व्हय, केली घाई. दुसऱ्या दिशी शिलंगणाची माणसं आणायची व्हती, केली." तिचा आवाज चढला. चहाच्या गाड्यावरची बोलणी थांबली. "बोल्ट ढिला हाय, उद्या ये म्हणायचं व्हतं. मी शिव्या दिल्या असत्या आन गेलो असतो. घाई केली म्हणून 'झालं' म्हणाय सांगितलंतं मी? बरं, इसरला. माणूस इसरतोय. पर परवा आठवलं तवा? तवा 'गेलं' का म्हणाला?"

"म्हणलं, गॅरेजला आणून गुपचूप आवळतो. आठ दिवस लावणार नव्हतो, वहिनी. दोन दिवसांत दिली असती."

"नंबर तीन दिवसांत जातोय!"



"ह्या लायनीतल्या अकराच्या अकरा गाड्या माझ्याकडं येत्यात," खालून अगदी हळू आलं. "हंबीर मिस्त्रीनं बोल्ट ढिला ठेवला म्हणल्यावर..."

"तुमचं नाव ऱ्हावं म्हणून माझी गाडी मारली." अंबूबाई उठून उभी राहिली. गुडघे कडकडले. "आवळा."

घासलेली जुनी चावी काढण्यात दोन तास गेले, मग नवी बसली. पुली बसली. टॉमीवर हंबीररावनं दोन्ही पाय रोवून सगळं वजन टाकलं, तेव्हा जीप जागच्या जागी कण्हल्यासारखी झाली. तो बाहेर आला, शर्टाची पाठ मातीनं भरलेली. अंबूबाईनं किल्ली फिरवली.

ठोका नाही. म्हातारं डिझेल इंजिन, खडखडतं, धूर सोडतं, पण आतून कुणी दार वाजवत नव्हतं.

पावणेचार झाले होते. माणसं पुन्हा जमली, आणि आकारामतात्यानं हात जोडले. अंबूबाईला नाही, मिस्त्रीला.

"वा मिस्त्री! गेल्यालं इंजिन जाग्यावर उठीवलं की!"

"हाताला गुण हाय म्हणायचा!" मेव्हणा फाउंड्रीत असलेला म्हणाला.

हंबीररावनं हात पुसले. पाने गोळा करायला लागला.

अंबूबाईनं इंजिन बंद केलं.

"आता का बंद केलंस?" तात्या म्हणाला. "नंबर आलाय तुझा. बिद्री! बिद्री चला!"

सातआठ माणसं थैल्या घेऊन पुढं आली आणि जीपपासून दोन हातांवर अडली. एकमेकांकडं बघत. दोघं हळूच व्हॅनकडं सरकले.

"मावशी, आजच्या दिवस असू दे," विजयसिंह म्हणाला. आवाज मुद्दाम मवाळ. "एकदा गेल्यालं इंजिन. वाटेत पुन्यांदा काय झालं म्हंजे? माणसांचा जीव हाय. माझी गाडी उभी हाय, मी सोडतो त्यास्नी."

तात्याच्या हातातला खडू फळ्याजवळ घुटमळला.

अंबूबाई हंबीररावच्या समोर जाऊन उभी राहिली. तो स्कूटरवर बसलेला, किल्ली लावलेली. तिनं स्कूटरच्या हँडलवर हात ठेवला. काळा, डिझेलनं माखलेला.

"सांगा."

"काय सांगू?"

"परवा हितंच बसून सांगितलं तसं. ह्याच माणसांत. मोठ्यानं."

"वहिनी, झालं की आता. गाडी नीट झाली न्हवं?"

"गाडी झाली. गाडीचं नाव न्हाय झालं. त्ये तुमी घालवलं, तुमीच आणायचं. तवर मी हँडल सोडत न्हाय. नंबर जाऊ दे माझा, पर मग उचगावापतोर तुमच्या स्कूटरमागनं सांगत येतो सगळ्यास्नी, काय झालं त्ये."

हंबीररावनं तात्याकडं पाहिलं, अकरा गाड्यांकडं पाहिलं. तोंडात सुपारी नसल्यानं त्याचा गाल एकदम रिकामा, म्हातारा दिसत होता.

"इंजिन गेलं नव्हतं," तो पुटपुटला. "बोल्ट ढिला व्हता."

"कुणाकडनं?"

हंबीररावचा हात स्कूटरच्या किल्लीकडं गेला.

"मिस्त्री. कुणाकडनं?"

"माझ्याकडनं!" तो ओरडला. नाक्याच्या त्या टोकापर्यंत गेलं. "खंडेनवमीला माझ्याकडनं ढिला ऱ्हायला. इंजिनाला काय सुदिक झाल्यालं न्हाय. परवा मी खोटं बोललो. बास?"

एका ड्रायव्हरनं स्वतःच्या गाडीच्या बॉनेटकडं बघितलं, मग दुसऱ्यानं. चहाच्या गाड्यावर कप कपावर आपटला.

पुढं झाली ती बाळाबाई. सत्तरीची, डोक्यावर चाऱ्याच्या बियाण्याची पिशवी, मघापासून उभी. "आता घट हाय न्हवं त्यो बोल्ट?"

"घट हाय," हंबीरराव म्हणाला.

"मग त्वांड काय बघालाय समदी? चल गं अंबू. माझी म्हस सांजंला माझ्याबगर पान्हवत न्हाय." आणि ती पिशवीसकट पुढच्या सीटवर चढून बसली. व्हॅनकडं सरकलेले दोघं परत आले. मागची फळी भरली. तात्यानं अंबूबाईच्या नंबरापुढं बरोबरची खूण केली, जरा जास्तच दाबून, खडू मोडला.

हंबीरराव अजून स्कूटरवरच होता. "वहिनी, केरबाला..."

"त्यास्नी तुमीच सांगा. तीस वर्षांचा दोस्त म्हणतोय तुमाला. घरी हाय. दिसत न्हाय त्यास्नी, पर ऐकाय येतंय."

तिनं दार असं आपटलं की काच खाली घसरली.

कळंबा गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना उभा ऊस, तुरे आलेला. गाडी बरोबर चालली होती, आणि अंबूबाईचा राग काही उतरत नव्हता. उतरायला हवा होता, नंबर वाचला होता. पण गिअर बदलताना ती दात आवळत होती, आणि खड्डा आला की उजवा कान आपोआप बॉनेटकडं वळत होता. नऊ वर्षं तिनं ही गाडी चालवली होती आणि तिचा आवाज कधी संशयानं ऐकला नव्हता. आता ऐकावा लागणार होता. मिस्त्रीनं तेवढं मात्र कायमचं ढिलं करून ठेवलं होतं, आणि त्याला कुठला पाना लागत नाही.

"अगं, गाणी तर लाव," बाळाबाई म्हणाली. "मयताला चालल्यागत बसल्यात समदी."

"न्हाय लावणार."

"का गं?"

"गप बस म्हातारे. इंजिन ऐकालोय."